बटणाचे घर

म्हापशाच्या बाजारात फॉल-पिकोच्या दुकानांवर ‘काज-बटण करून मिळेल’ अशी पाटी हमखास दिसते. हे काज आपण ‘कामकाज’ आणि ‘राजकाज’ यांतल्या काजाशी नकळत जोडतो, आणि बटणासाठी भोक करणे हेही एक कामच असल्यामुळे तो खुलासा पटतोसुद्धा. प्रत्यक्षात हे एकमेकांना परके असलेले दोन शब्द योगायोगाने एकसारखे झाले आहेत. कामकाजातले काज संस्कृत ‘कार्य’पासून, प्राकृत ‘कज्ज’च्या वाटेने आले, शिंप्याचे काज मात्र पोर्तुगीज ‘काझा’चे आहे.

काझा म्हणजे घर. मूळ लॅटिनमध्ये झोपडी. पोर्तुगीज माणूस बटणाच्या भोकालाही घरच म्हणतो, बुद्धिबळाच्या पटावरील चौकोनालाही आणि कुंडलीतील स्थानालाही. शेजारच्या स्पॅनिशने मात्र त्याच भोकात डोळा पाहिला. आपल्याला पोर्तुगीजांची कल्पना परकी वाटू नये, कारण पटावरची घरे, पत्रिकेतली घरे आणि चष्म्याचे घर मराठीतही आहेतच. तरीही ‘बटणाचे घर’ असे न म्हणता आपण त्यांचा शब्द उचलला, त्याचा शेवटचा आघातहीन ‘आ’ गाळला (‘फीता’ची फीत आणि ‘जानेला’चे जनेल झाले ते असेच) आणि त्यातले घर विसरून गेलो. अशा शब्दांचा मोठा संग्रह आसगावचे मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गाद यांनी १९१३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. गोव्यात त्यांचे नाव याहून अधिक ऐकू यायला हवे होते.

काजाची लांबी बटणाचा व्यास अधिक त्याची जाडी एवढी ठेवतात. हाताने काज करताना चीर कापून तिच्या कडेने दाट टाके घालतात आणि प्रत्येक टाक्याला दोऱ्याचा वेढा देऊन गाठ कडेवरच बसवतात, म्हणजे कापडाचे सूत सुटत नाही. सदऱ्याच्या पट्टीवरील काजे उभी असतात, पण गळ्याचे काज आडवे, कारण तिथे ताण आडवा पडतो आणि बटण चिरेच्या टोकाला जाऊन अडकून राहते.

गोव्यातील ख्रिस्ती समाजाच्या कोंकणीत लग्नाला ‘काजार’ म्हणतात. तेही याच घराण्यातले, कारण लग्न करणे या अर्थाचे पोर्तुगीज ‘काझार’ हे क्रियापद काझापासूनच बनले आहे. काजाराच्या दिवशी नवऱ्याच्या कोटाच्या कॉलरवर, फूल खोचण्यासाठी, बटण नसलेले एक काज असते. हल्लीच्या पुष्कळ तयार कोटांवर ते नुसते टाके घालून दाखवलेले असते, मधली चीर कापलेलीच नसते, आणि मग फूल टाचणीने लावावे लागते.