कॉफीची बॉडी ओळखायला शिकताना

बॉडी म्हणजे कॉफीचा घोट तोंडात किती जड, किती दाट लागतो ते. कडक कॉफी म्हणजे जास्त बॉडी, हे समीकरण अर्धंच खरं आहे. कडकपणा म्हणजे पाण्यात किती कॉफी विरघळली: फिल्टर पद्धतीत साधारण १.१५ ते १.४५ टक्के, एस्प्रेसोत ८ ते १२. हे प्रमाण वाढलं की कॉफी जड लागतेच. पण प्रमाण तेच ठेवूनही बॉडी बदलते, कारण तेलाचे थेंब आणि न विरघळलेले बारीक कणही तोंडात आपलं काम करत असतात.

मला हे ज्या प्रयोगातून उमगलं, तो असा. फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे जाळीचा दट्ट्या असलेल्या भांड्यात, ३० ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी आणि ९३ अंशांच्या आसपासचं ५०० मिली पाणी. चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडायचा, फेस काढायचा, दट्ट्या सावकाश दाबायचा. अर्धी कॉफी सरळ एका कपात. उरलेली अर्धी पेपर फिल्टरमधून दुसऱ्या कपात, थोडी थोडी ओतून, नाहीतर गाळ बसून फिल्टर तुंबतो. फिल्टर आधी गरम पाण्याने धुवायचाच. कागदाची चव उतरली तर तुलनेला अर्थ राहत नाही. गाळलेली कॉफी लवकर निवते, म्हणून दोन्ही कप ५० अंशांच्या जवळ येईपर्यंत मी थांबते. फार गरम घोटात जिभेला फक्त चटका कळतो.

आता चवीकडे लक्ष द्यायचं नाही. घोट जिभेवर पसरू द्यायचा आणि जीभ टाळूला हलकेच घासायची. न गाळलेल्या कॉफीत ती सहज सरकते, गिळल्यावरही पातळसा स्निग्ध थर मागे राहतो. गाळलेली चटकन निघून जाते, तोंड मोकळं होतं, आंबटपणा मात्र जास्त उठून दिसतो. पूड तीच, पाणी तेच, वेळही तोच. कागदाने अडवलं ते मुख्यतः तेल आणि गाळ. फरक लागत नसेल तर आधी साय काढलेलं आणि पूर्ण सायीचं दूध याच रीतीने चाखून बघा.

सगळ्यात जास्त गोंधळ तुरटपणाचा होतो. तोही तोंडात रेंगाळतो, म्हणून पुष्कळ जण त्यालाच बॉडी म्हणतात. पण तुरट घोटानंतर जीभ टाळूवर अडखळते, हिरड्या कोरड्या वाटतात, कारण कॉफीतली पॉलिफेनॉल नावाची तुरट द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि लाळेचा गुळगुळीतपणा जातो. असं झालं तर दळण थोडं जाड करून बघावं. तळाचा रवाळ गाळसुद्धा चांगली बॉडी नव्हे. दट्ट्या दाबल्यावर काही मिनिटं थांबलं आणि शेवटचे दोन-तीन घोट प्रेसमध्येच सोडले तर तो बराच टळतो.

सराव पक्का करायचा तर तीन कप भरा, दोन एकसारखे आणि एक वेगळा. कोणी तरी जागा बदलून द्यावेत आणि डोळे मिटून चाखावं. न गाळलेली कॉफी गढूळ दिसते, आणि डोळ्यांना उत्तर आधीच कळलं की जीभ काही शोधत नाही.