उणे दहा

मे महिन्यातल्या एका दुपारी आमच्याच घरातली वीज तेवढी गेली. शेजारचा कूलर सुखाने घरघरत होता, म्हणजे दोष आमच्या फ्यूजचा होता आणि दुपारच्या दोन वाजता सोलापुरात पंख्यावाचून बसणे मला शक्य नव्हते. तारेसाठी मी कपाटाचा खालचा खण उपसला, तेव्हा हाताला थर्माकोलचा एक तुकडा लागला आणि त्यात आठ पायांची एक काळी आयसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिप, खोचलेली दिसली. (आयसी थर्माकोलमध्ये ठेवू नये, हे मला फार उशिरा कळले.) दोन पाय वाकले होते, पण उजेडात तिरपी धरल्यावर तिच्या पाठीवरचा ७४१ हा आकडा अजून वाचता येत होता.

ही आयसी म्हणजे सिग्नल वाढवणारा अॅम्प्लिफायर, १९६८ साली बाजारात आलेला. पॉलिटेक्निकात आमची तिच्याशी गाठ पडली, तोवर ती चांगलीच मुरलेली होती. चार नंबरच्या पायाला उणे पंधरा व्होल्ट आणि सात नंबरच्या पायाला अधिक पंधरा व्होल्ट द्यायचे, तीन नंबरचा पाय ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, जोडायचा, दोन नंबरच्या पायाला एक किलोओहमच्या रेझिस्टरमधून सिग्नल सोडायचा, आणि सहा नंबरवरून, म्हणजे आउटपुटवरून, दहा किलोओहमचा दुसरा रेझिस्टर मागे दोन नंबरवर आणून जोडायचा, एवढीच ती जोडणी होती. आत व्होल्टचा दहावा हिस्सा दिला की बाहेर एक व्होल्ट मिळे, पण उलटा. आतली लाट वर चढली की सीआरओच्या, म्हणजे लाटा दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर बाहेरची लाट खाली उतरे. गेन, म्हणजे सिग्नल किती पट झाला तो आकडा, उणे दहा.

या उण्याबद्दल मी हळवा आहे, हे मान्य करतो. उणे दहा गेन म्हणजे सिग्नल दहापट घटला, असे कोणी म्हटले की माझे जेवणावरचे लक्ष उडते. गेनपुढे व्होल्ट लिहिणाऱ्यांनाही मी क्षमा केलेली नाही. व्होल्टला व्होल्टने भागल्यावर उरते ती निव्वळ पट, तिला एकक कुठून येणार? पहिल्या प्रयोगात माझा गेन १०.२ आला, तर बाकी सगळ्यांच्या जर्नलात बरोबर १० होता. रेझिस्टरवर सोनेरी पट्टा, म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे. गेन नऊपासून अकरापर्यंत कुठेही यायला हवा. सरांनी जर्नलांचा गठ्ठा चाळून एवढेच विचारले, “इतके प्रामाणिक रेझिस्टर कोणत्या दुकानात मिळतात?”

त्याच तासाला मी तो दहाचा रेझिस्टर उपटून पाहिला. मोकळ्या ७४१चा स्वतःचा गेन सुमारे दोन लाख असतो. दोन पायांमध्ये व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांत मोजावा इतका फरक पडला, तरी आउटपुट धावत जाऊन पुरवठ्याच्या एका टोकाला चिकटते आणि तिथेच बसते. दोन लाखांचा धनी, पण आलेल्या सिग्नलचे काही सांगता येत नाही. रेझिस्टर परत लावला की मुकाट्याने दहा. आयसी जुनी असो, नवी असो, तापलेली असो, गेन ठरतो तो काही पैशांच्या दोन रेझिस्टरांच्या गुणोत्तरावर. वाढवलेल्या सिग्नलातला थोडा भाग उलटा करून पुन्हा आत सोडायचा, ही युक्ती हॅरॉल्ड ब्लॅक या अभियंत्याला २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी कामावर जाताना, हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत सुचली आणि हाताशी कागद नव्हता म्हणून त्याने ती वर्तमानपत्रावरच टिपून ठेवली. टेलिफोनच्या लांब तारांवरून जाताना आवाज फाटत असे, त्यावर तो उपाय शोधत होता.

आवाज फाटणे म्हणजे काय, हे मला त्याआधीच ठाऊक होते. आमचे अण्णा यंत्रमागावर चादरी विणत. धोट्यांच्या खटखटाटात शेजारच्या माणसाला काही सांगायचे तर ओरडावेच लागे, आणि कारखान्यातला तो आवाज ते तसाच घरी घेऊन येत. आई काही बोलत नसे. भाकरी थापता थापता पिठाचा हात पालथा करून हवेतच खाली दाबल्यासारखा करी, आणि अण्णा तेवढ्यापुरते उतरत.

एका जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत, होम मैदानावर, आकाशपाळण्याकडे पाहत मी मागे राहिलो आणि हरवलो. निवेदकाने माईक अण्णांच्या हाती दिला. ज्यांना माईकची गरजच नव्हती अशा माणसाने तो ओठांना टेकवला आणि कारखान्यातल्या आवाजात माझे नाव घेतले. अॅम्प्लिफायर जेवढे व्होल्ट देऊ शकतो त्यापलीकडे लाट जाऊ शकत नाही. तिचे माथे सपाट कापले जातात. कर्ण्यातून गर्जना आली, सतीश आला नाही. कोणाला तरी रागावत आहेत असे समजून मी पाळणाच पाहत राहिलो. तिसऱ्या खेपेला आवाज एकदम खाली आला, आणि मी वळून पाहिले. आईचा हात तेव्हा कुठे होता, ते मला दिसले नाही.

त्या खणात आयसीच्या शेजारी अण्णांचे श्रवणयंत्र होते, सेल काढून रुमालात बांधलेले. मागांनी त्यांच्या कानाचे वरचे सूर नेले होते. स, श यांसारखी अक्षरे तिथेच राहतात. चाळीस डेसिबल म्हणजे व्होल्टेजची शंभर पट, हा हिशेब मला तोंडपाठ असल्याने मी मोठ्या उत्साहाने गेन वाढवून घेतला होता. अण्णांनी आठवडाभर यंत्र लावले आणि मग काढून माझ्या हातात ठेवले. “भांडी लई वाजायलेत. तू काय म्हणायलास ते कळंना.”

त्यांना कळावे म्हणून मी त्यांच्या कानाशी वाकून ओरडलो. त्यांनी डोळे मिटले, आणि हात पालथा करून हवेतच हळूच खाली दाबला.