फुनिंगुर आणि फ्योर्डकाठची शेजारगावे

उत्तर अटलांटिकमधील, डेन्मार्कच्या राज्यात मोडणाऱ्या फेरो बेटांवर जाणारे बहुतेक प्रवासी धबधबे आणि समुद्रकडे पाहून परततात. मला मात्र एस्तुरॉय बेटाच्या उत्तरेकडील लहान गावे पाहायची होती. राजधानी टोर्सहाउनहून निघून २०२० साली खुल्या झालेल्या, सुमारे ११ किलोमीटर लांबीच्या समुद्राखालील बोगद्यातून आम्ही या बेटावर आलो आणि फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीच्या, काठाकाठाने फुनिंगुरला पोहोचलो. नॉर्वेकडून आलेला ग्रिमुर कांबान हा या बेटांवरचा पहिला वसाहतकार याच गावी राहिला, असे परंपरा सांगते.

गावात थोडीच घरे आहेत, पण १८४७ साली बांधलेल्या लाकडी चर्चपाशी माझा पाय बराच वेळ निघाला नाही. डांबर फासलेल्या काळ्या भिंती, पांढऱ्या चौकटींच्या खिडक्या आणि छपरावर जिवंत गवत, एवढाच त्याचा थाट. अशा छपरात फळ्यांवर आधी भूर्जाच्या सालीचे थर अंथरतात, म्हणजे पाणी आत झिरपत नाही, आणि त्यांवर मुळांसकट कापलेली हिरवळ रचतात. तिच्या वजनामुळे येथील दांडग्या वाऱ्यातही छप्पर जागचे हलत नाही. वाऱ्याला असे तोंड देणारी ही माणसे त्यालाच कामालाही जुंपतात. घरालगतच्या खोपटाच्या भिंतींत पट्ट्यांमध्ये मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात, आत मेंढीचे मांस टांगतात आणि खारा वारा ते महिनोन्महिने मुरवत सुकवतो. त्याचा उग्र वास दारापासूनच जाणवतो.

एल्डुविक हे गाव फ्योर्डच्या पलीकडच्या अंगाला आहे. सरळ रेषेत ते जवळच असले, तरी गाडीने जाताना फ्योर्डच्या टोकाशी वसलेल्या फुनिंग्सफ्योरुर गावाला वळसा घालावाच लागतो. पूर्वी येथे होडी हेच खरे वाहन का होते, ते या वळशावर नीट कळते.

उत्तरेकडील जेग्व गावात समुद्र खडकाच्या लांब, अरुंद घळीत शिरला आहे आणि तीच गावाची नैसर्गिक गोदी आहे. होड्या वर ओढण्यासाठी घळीच्या उतारावर रूळ टाकलेले आहेत. समुद्रात बळी गेलेल्या येथील कोळ्यांची नावे वयांसह कोरलेले स्मारकही गावात आहे. ती वाचून मी फार अस्वस्थ झालो. येथील १९२९ सालच्या चर्चचा अभिषेक फेरोई भाषेत झाला, आणि असा मान मिळालेले हे पहिलेच चर्च. त्या काळी धर्मकार्याची भाषा डॅनिश होती; फेरोईला मुख्य भाषेचा कायदेशीर दर्जा मिळाला तो १९४८ च्या स्वायत्ततेबरोबर, म्हणजे जेग्वकरांनंतर जवळजवळ दोन दशकांनी.