पाय गार होते म्हणून…

लेक दहा महिन्यांची होती. संध्याकाळपासून तिची किरकिर चालली होती. मी तळपाय चाचपले, गार लागले, म्हणून आणखी एक पांघरूण घातलं. तासाभराने आईने तिच्या पाठीला हात लावला आणि म्हणाली, "अगं, अंग केवढं तापलंय हिचं!"

डॉक्टरांनी नंतर समजावलं: ताप चढताना हातापायांच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे पोट-पाठ तापलेली असली तरी तळवे गार राहतात. माझ्या पांघरुणाने उलट उष्णता कोंडली होती. तेव्हापासून मी छाती, पाठ किंवा मान बघते. आधी स्वतःचे हात चोळून घेते, कारण गार हाताला सगळंच गरम लागतं.

पण हातावर किती भरवसा ठेवायचा? गरम लागलं की थर्मामीटर काढायचा, एवढाच. हाताला ताप वाटला आणि मोजल्यावर निघालाच नाही, असं कितीदा तरी झालंय. मोजताना तिला मांडीवर घेते, काख पुसून कोरडी करते, टोक थेट कातडीला टेकवते आणि बीप वाजेपर्यंत दंड छातीशी धरून ठेवते. नुकतीच आंघोळ झाली असेल किंवा ती पांघरुणात असेल, तर पंधरा-वीस मिनिटं थांबते. 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट, किंवा त्याहून जास्त आला तर ताप. काखेतला आकडा आतल्या तापमानापेक्षा थोडा कमी येतो, म्हणून 99.5 च्या आसपास असला की अर्ध्या तासाने पुन्हा बघते. वेळ आणि आकडा वहीत.

आकड्याइतकंच मी पोरीकडे बघते. एकदा 102 असताना ती खेळत होती, पाणी मागत होती. दुसऱ्यांदा 101 च होता, पण ती मलूल पडली होती, दूध घेत नव्हती, सहा-सात तास लंगोट कोरडा. त्या रात्री आम्ही सकाळची वाट पाहिली नाही.

मागच्या महिन्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. बाळ दोन महिन्यांचं. "ताई, कपाळ गरम वाटतंय, सकाळपर्यंत बघू का?" मोजायला लावलं, 100.6 आला. म्हटलं, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला एवढा ताप असला तर थांबायचं नाही, मनाने औषधही द्यायचं नाही, आत्ताच डॉक्टरांकडे ने. निघाल्याचा तिचा निरोप आला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. बाळाला दोन दिवस दवाखान्यात ठेवलं, आता छान दूध पितंय.