तुम्ही विचारलंत म्हणून : बाईक न्यायला कुठली पिकअप घेऊ?

हा प्रश्न मला गुहागरच्या बाजारात विचारतात, लग्नाच्या मांडवात विचारतात, आणि एकाने तर बाराव्याच्या पंगतीत भाताची वाट बघताना हळूच विचारून घेतला होता. कारण साधं आहे. आमची नारळ-सुपारीची बाग, बागेसाठी घेतलेली पिकअप, आणि तिच्या हौद्यातून नारळांच्या जोडीने वाडीतल्या मोटरसायकली सतत इकडून तिकडे जात असतात. माझी जुनी बुलेट इंजिनच्या कामाला कराडला जाते. पोरांच्या बंद पडलेल्या गाड्या चिपळूणला जातात. गणपतीच्या आधी मुंबईकरांच्या बाईक रेल्वेने पार्सल होऊन येतात. रेल्वे टाकी रिकामी केल्याशिवाय गाडी घेत नाही, त्यामुळे स्टेशनातून ती ढकलत तरी न्यायची, नाहीतर कुणाच्या तरी हौद्यात चढवायची. बहुतेक वेळा तो कुणीतरी मीच असतो.

विचारणाऱ्याचा पुढचा प्रश्नही ठरलेला : "एक टनाची घेऊ की दीड टनाची?"

अहो, टनाचा इथे संबंधच नाही. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०, जिला सगळे बुलेटच म्हणतात, तिचं वजन १९५ किलो. नवी हिमालयन ४५० भरते १९६ किलो. स्प्लेंडर तर ११२ किलोची. छोटा हत्ती (टाटा एस) एवढासा, तोही सातशे किलोच्या वर माल घेतो. वजनाने त्याच्यात तीन बुलेट सहज बसतील, जागेने एकच बसेल. म्हणून आधी लांबी मोजा. छोट्या हत्तीचा हौदा साधारण २२०० मिलिमीटर, म्हणजे सव्वासात फुटांना जरा कमी. क्लासिक ३५० आहे २१४५ मिलिमीटर. दोन बोटं राहतात आणि फाळका, म्हणजे हौद्याची मागची झडप, बंद होतो. हिमालयन ४५० मात्र २२४५ आहे. ती सरळ उभी केली तर फाळका लागणारच नाही. तिरपी घातली तर जाते, कारण हौद्याची रुंदी जवळजवळ पाच फूट आहे. पण तिरप्या गाडीला चारही बाजूंनी सारखा ताण देणं अवघड, आणि शेजारी दुसरं काही ठेवायला जागा उरत नाही. टाटा इंट्रा व्ही-३० चा हौदा पावणेनऊ फुटांच्या आसपास आहे, बोलेरो पिकअपच्या लांब मॉडेलचा नऊ फूट. ह्या दोघींत कुठलीही बाईक सरळ उभी राहते आणि मागे सामानाला जागा उरते.

पोरांचा जीव खरा अडकलेला असतो तो इसुझू व्ही-क्रॉस नाहीतर टोयोटा हायलक्समध्ये. दिसायला देखणी, पांढरी नंबरप्लेट, मागच्या सीटवर घरची मंडळी, आणि व्हिडिओत परदेशातला कुणीतरी तिच्यात बाईक टाकून डोंगरात चाललेला. पैसे असतील तर जरूर घ्या, पण बाईकसाठी घेतो म्हणू नका. डबल केबिनमुळे मागचा हौदा उरतो जेमतेम पाच फुटांचा. सात फुटांची बुलेट त्यात घालायची तर फाळका उघडा टाकायचा आणि मागचं चाक त्याच्यावर टेकवायचं. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून मर्यादेबाहेर माल आला तर २० हजार रुपये दंड आहे. तो एक वेळ बाजूला ठेवू. आमच्याकडे दापोलीला जायचं तर धोपावे-दाभोळ फेरीबोट. ओहोटीला बोटीची फळी आणि धक्का यांच्यात जो कोन पडतो, त्यात मागे लोंबणारी कुठलीही गोष्ट आधी घासते. उघडा फाळका बाईकसकट तिथे टेकला की पुढचं सांगायला नको.

आता टनाकडे परत येतो, कारण टनाचा एक तोटा कुणी सांगत नाही. दीड टन पेलायला बनवलेल्या गाडीचे मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) त्या वजनाला दबतील असे कडक असतात. त्यावर दोनशे किलोची एक बाईक ठेवली तर पाट्यांना ती आहे हे कळतही नाही. शृंगारतळी सोडून चिपळूणकडे निघालात, पावसाळ्यानंतरचे खड्डे लागले, की मागचा भाग बैलगाडीसारखा उडतो, आणि वरची बाईक प्रत्येक धक्क्याला पट्ट्यावर आदळते. त्यातून पट्टा सैल होतो, बाईक झुकते, टाकीला पोचा पडतो. म्हणून केवळ बाईकसाठी मोठी पिकअप घेणं म्हणजे जास्त पैसे मोजून जास्त धक्के विकत घेणं. मोठी असेलच तर बाईक पुढे, केबिनच्या पाठीला लावून उभी करा, मागच्या चाकांच्या मागे नको. टायरमधली हवा रिकाम्या गाडीच्या आकड्यावर ठेवा; बरेच जण नारळाच्या खेपेची हवा तशीच ठेवून निघतात. कराडहून येताना मी पेंडेच्या गोणी भरतो. गुरांना पेंड मिळते आणि पाटे शांत बसतात.

मग छोटा हत्तीच घ्यावा का? गुहागर ते चिपळूण, वाडीतल्या वाडीत, पाणंदीतून अंगणापर्यंत, एवढंच काम असेल तर हो. थोडक्या जागेत वळतो, दोन माडांच्या मधून जातो, आणि हौदा मांडीइतक्या उंचीवर असल्याने बाईक चढवायला जोर कमी लागतो. घाटाचं काम असेल तर विचार करा. २००५ साली आलेल्या पहिल्या छोट्या हत्तीचं इंजिन ७०२ सीसीचं, दोन सिलिंडरचं, १६ हॉर्सपॉवरचं. तसल्या जुन्या गाड्या अजून स्वस्तात मिळतात आणि पोरं त्याच घेतात. कराडच्या वाटेवरचा कुंभार्ली घाट चढताना मागे एसटी आणि उसाचे ट्रक हॉर्न वाजवत राहतात, एवढी मनाची तयारी ठेवायची. इंट्रा व्ही-३० चं इंजिन दीड लिटरचं, ७० हॉर्सपॉवरचं आहे. बोलेरो पिकअपचं अडीच लिटरचं. मारुतीची सुपर कॅरी पेट्रोलवर छान पळते, पण हौद्याची लांबी छोट्या हत्तीएवढीच. माझं मत विचाराल तर आमच्या भागात, घाट आणि वाडी दोन्ही करणाऱ्याने इंट्राच्या मापाची गाडी घ्यावी. अशोक लेलँडची दोस्तही त्याच पंक्तीतली. बोलेरो आंब्याच्या पेट्या भरणाऱ्यासाठी, ज्याला हंगामात खरंच दीड टन ओढायचं आहे.

शोरूममध्ये सगळे इंजिन विचारतात, मायलेज विचारतात. हौद्यातले हूक कुणी बघत नाही. दोऱ्या अडकवायला जे हूक बाहेरच्या बाजूला असतात, ते ताडपत्रीसाठी. बाईकला हूक हवेत आतल्या बाजूला, तळाजवळ, पुढच्या दोन कोपऱ्यांत. नसतील तर चांगल्या वेल्डरकडून चेसिसच्या आडव्या पट्टीवर बोल्टने कड्या बसवून घ्या. नुसत्या पत्र्याला वेल्डिंग केलेली कडी खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत पत्र्यासकट हातात येते.

बांधायची रीत अशी. पुढचं चाक केबिनच्या जाळीला सरळ भिडवायचं, मध्ये जुना टायर नाहीतर दुमडलेलं गोणपाट. दोन पट्टे पुढच्या चाकाच्या चिमट्याच्या (फोर्कच्या) वरच्या भागाला, हँडलच्या खाली जो जाड लोखंडी तुकडा असतो त्याला. हँडलच्या टोकांना नाही, ती फिरतात. दोन्हीकडून आळीपाळीने ओढायचं, शॉकअप निम्मे दबले की थांबायचं. पार खाली दाबून ठेवलेत तर धक्का घ्यायला जागा उरत नाही आणि सील गळायला लागतात. मागे दोन पट्टे, मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटला. गिअर टाकायचा, आणि साईड स्टँड वर. ही स्टँडची गोष्ट पटवायला फार वेळ जातो. लोकांना वाटतं स्टँडवर उभी असली की बिनघोर. उलट आहे : प्रत्येक धक्क्याला सगळा भार त्या एका पायावर येतो, तो वाकतो नाहीतर त्याची चेसिसवरची बैठक तडकते. नायलॉनची दोरी ओली झाली आणि ताण आला की लांब होते, म्हणून रॅचेटचे, म्हणजे खटक्याने आवळायचे, पट्टे घ्या, आणि रॅचेटला तेल लावून ठेवा. किनाऱ्यावर महिनाभर नुसता पडला तरी तो गंजून बसतो. पहिल्या पाच-सात किलोमीटरवर थांबून पट्टे तपासायचे. कराडच्या वाटेवर मी पुन्हा हेळवाकला थांबतो, चहाच्या निमित्ताने. उतरताना घाटात ब्रेक लागले की बाईक पुढे जायला बघते, म्हणून जाळीला भिडलेलं चाक महत्त्वाचं.

आणि हौद्यात माणूस बसवू नका. "मी मागे धरून बसतो" म्हणणारा एक मित्र प्रत्येकाला असतो. दोनशे किलोची गाडी कलली तर तो तिला धरत नाही, तिच्याखाली सापडतो. मालाचा मालक केबिनमध्ये बसतो, कायद्यानेही आणि अकलेनेही.

चढवण्याचं तंत्र कोकणात फुकट मिळतं. जांभ्याचा बांध. प्रत्येक वाडीत रस्त्याच्या कडेला हौद्याच्या उंचीचा एखादा बांध नाहीतर मळीची कड असते. गाडी रिव्हर्स घेऊन तिथे लावायची, फाळका बांधावर टाकायचा, बाईक सपाटीवरून आत. पावसात मात्र चिऱ्यावरचं शेवाळ आधी खरवडा. बांध नसेल तिथे फळी. माझ्याकडे ऐनाची आठ फुटांची आहे, वर जुन्या टायरच्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या. फळीचं वरचं टोक गाडीला साखळीने बांधल्याशिवाय चाक ठेवायचं नाही, कारण मागचं चाक जोर लावतं तेव्हा फळी मागे फेकली जाते. बाईकवर बसून चढवायची नाही. शेजारून चालत, पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा सोडून, आणि मागे एक माणूस सीटला हात लावून. बसून चढवणाऱ्याचे पाय अर्ध्या वाटेत जमिनीला पुरत नाहीत, हे त्याला तिथे गेल्यावर कळतं.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं, त्यानंतरच्या दिवसांत बाजारपेठेतून बाईक काढायचं काम चाललं होतं. टाकीच्या टोपणापर्यंत चिखल, चाकांच्या आऱ्यांत प्लॅस्टिक आणि गवत. लोक किक मारून बघत होते आणि मेकॅनिक ओरडत होते, मारू नका म्हणून. सिलिंडरमध्ये पाणी असताना किक मारली तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. तिथे मोठी पिकअप गल्लीच्या तोंडाशीच अडायची. आत गेले ते छोटे हत्ती आणि तीनचाकी. तेव्हापासून कुणी सरसकट "मोठीच घे" म्हणालं की मला ती गल्ली दिसते.

जुनी घेणार असाल तर एकच विचारा : आधी काय वाहत होती? मिरकरवाड्याची नाहीतर हर्णैची मासळी वाहिलेली असेल तर नमस्कार करून परत या. बर्फ वितळतो, मिठाचं पाणी हौद्याच्या सांध्यांतून चेसिसवर ठिबकतं. विकणारा वरून नवा पत्रा आणि रंग मारतो. तुम्ही खाली झोपा, पाटे चेसिसला जिथे जोडलेले असतात त्या शॅकलपाशी आणि चेसिसच्या आडव्या पट्ट्यांवर स्क्रूड्रायव्हरने टोचा. पापुद्रे सुटले तर कळलं. चिरे वाहिलेली गाडी लाल धुळीवरून आणि बसलेल्या पाट्यांवरून ओळखू येते. आंब्याची सगळ्यात बरी, वर्षातून तीन महिने पळालेली.

कागदांचं थोडक्यात. ह्या मालवाहू गाड्यांना पिवळी प्लेट आणि फिटनेस लागतं. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी, मग दर वर्षी. एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक माल, ३००० किलोपर्यंत असेल तर परमिटची गरज नाही. मोठ्या पिकअपची काही मॉडेलं ह्याच्या वर जातात, तेव्हा आरसी वाचा. लायसन्सचा घोळ सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मिटवला : साध्या एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाच्या) लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं.

आता हे सगळं ऐकल्यावर विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, वर्षाला बाईक किती वेळा न्यायची आहे? बहुतेकांचं उत्तर "एकदा गोव्याला, एकदा सर्व्हिसिंगला" असं असतं. मग गाडी कशाला घेता, भाड्याने बोलवा. फक्त पट्टे स्वतःचे न्या, चालकाकडे सुंभ नाहीतर केळीच्या क्रेटची दोरी असते. आणि फोनवरच विचारून घ्या की फाळका पूर्ण खाली येतो ना. भाजीवाल्यांनी वर जाळी वेल्डिंग करून ठेवलेली असते, तिच्यातून हँडल आत जात नाही, आणि हे कळेपर्यंत गाडी तुमच्या अंगणात येऊन उभी असते आणि चालक अर्धं भाडं मागत असतो.