थंडीच्या चाळणीतून उरलेली बाग

हेलसिंकीच्या मुख्य स्टेशनातून लोकल पकडली आणि हुओपालाहतीला उतरलो. ऱ्होडोडेंड्रॉनची बाग पाहायला जिथे जायचं होतं त्या भागाचं नाव हागा. मराठी माणसाने काय हसायचं ते इथेच हसून घ्यावं. पुढे फुलं आहेत.

जूनचा दुसरा आठवडा. डोक्यात आखीवरेखीव बाग होती, समोर निघाली पाइनची राई आणि तिच्याखाली काळी, भिजलेली दलदल. लाकडी फळ्यांच्या वाटेने आत शिरलो, तर दोन्ही बाजूंना डोक्याच्याही वर गेलेले ऱ्होडोडेंड्रॉन. गुलाबी, पांढरे, जांभळट. हिमालयातला लालभडक बुरांश हाही ऱ्होडोडेंड्रॉनच, पण तो मान वर करून पाहावा लागतो. इथे फुलं गालाला घासत होती.

गंमत म्हणजे ही मुळात प्रयोगाची जागा. वनस्पती-पैदाशीचे प्राध्यापक पीटर टिगरस्टेट यांच्या पुढाकाराने हेलसिंकी विद्यापीठात 1973 मध्ये संकराचं काम सुरू झालं आणि 1975 पासून ती रोपं इथे लावली गेली. नाद घराण्यातलाच. ए. एफ. टिगरस्टेट यांनी 1902 मध्ये मुस्तिला इस्टेटीत परदेशी झाडं फिनलंडमध्ये तगतात का, हे पाहायला लागवड सुरू केली होती. तिथेच कोरियाच्या बियांतून एक चिवट ऱ्होडोडेंड्रॉन वाढला. शास्त्रीय नावात त्याला 'टिगरस्टेटी' हीच ओळख मिळाली. हेलसिंकीच्या प्रयोगात त्या चिवट झाडाचा संकर बागेतल्या देखण्या जातींशी केला आणि हजारो रोपं थंडीच्या हवाली केली. जगेल ते आपलं!

मला वाटायचं, झाडं गारठून मरतात. पण मार्चचं ऊन त्याहून वाईट. पानातलं पाणी उडतं, जमीन गोठलेली, मुळं पिणार काय? म्हणून पाइनची सावली हवी. कडाक्यात पानं विडीसारखी गुंडाळून खाली लोंबतात, तीही थंडी-उन्हापासून वाचायची युक्तीच. आणि पायाखालची आंबट, दलदली माती तर या झाडांच्या आवडीची.

तगलेल्यांतून 'हागा', 'हेलसिंकी युनिव्हर्सिटी', 'एल्विरा' अशा जाती निवडल्या गेल्या. संशोधक मार्याता उओसुकाइनेन यांनी त्या टिश्यू कल्चरने, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या इवल्या तुकड्यापासून रोपं करून, वाढवल्या, आपल्या जळगावच्या केळीसारख्या. पांढऱ्या, जांभळ्या ठिपक्यांच्या एका जातीचं नावच 'पीटर टिगरस्टेट'.

रात्रीचे साडेनऊ झाले तरी पाइनच्या शेंड्यांवर ऊन होतं. डासांनाही त्यामुळे सुट्टी नव्हती. घोटे खाजवत स्टेशन गाठलं.