दुपारनंतरचे पहिले बिल

फोंड्याच्या दुकानातला बिघाड आज सापडला आणि दुरुस्तही झाला, तरी मन स्वस्थ नाही. दुपारची विश्रांती संपवून दुकान उघडले की पहिले बिल अडकते, असे काउंटरवरच्या ताई पावसाळा सुरू झाल्यापासून सांगत होत्या. त्यावर आधी वायर बदलली गेली, मग काउंटरवरचा संगणक बदलला गेला आणि शेवटी ताईंनाच घाई फार, असे म्हणून विषय मिटवला गेला. वास्तविक त्या सांगत होत्या ते अक्षरशः खरे होते.

बिलांचे व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक, एका होस्टवर (त्याला चालवणाऱ्या खऱ्या संगणकावर) आहे आणि हजेरीचे दुसऱ्यावर. ही मशीन केव्हीएम या लिनक्सच्या सोयीवर चालतात, आणि त्यांचा कारभार पाहणारे लिबव्हर्ट प्रत्येक मशीनचे वर्णन एका एक्सएमएल फाइलमध्ये ठेवते. हजेरीचे मशीन उभे करताना कोणीतरी बिलांच्या मशीनची ती फाइल डिस्कसह हाताने कॉपी केली, नाव बदलले, मशीनच्या आत जाऊन आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा क्रमांकही बदलला. मॅक पत्त्याची, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकाची ओळ मात्र तशीच राहिली. नक्कल काढण्याचे विर्ट-क्लोन हे साधन वापरले असते तर नवा पत्ता आपोआप मिळाला असता. या मशीनांचे पत्ते ५२:५४:०० ने सुरू होतात आणि पुढचे तीन बाइट यादृच्छिक असतात, म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ शक्यता. एका दुकानातली दोन मशीन योगायोगाने एकाच पत्त्यावर येणे जवळजवळ अशक्य, म्हणून दुहेरी पत्ता दिसला की आधी नक्कल शोधावी, असे माझे मत आहे.

मला राहून राहून टोचते ते हे, की कोणत्याही पडद्यावर एकही इशारा नव्हता. दोघांचे आयपी वेगळे असल्यामुळे पत्ता आधीच वापरात असल्याची सूचना कोठेही उमटली नाही. दुकानातल्या सगळ्या वायरी जोडणारा स्विच मात्र मॅक पत्ता शेवटचा ज्या पोर्टवरून (वायरीच्या खाचेतून) ऐकला, तेथेच तो आहे असे धरून चालतो. काउंटरवर गर्दी असताना बिलांचे मशीन सतत बोलत असते, त्यामुळे स्विचमधली नोंद बहुतेक वेळ त्याच्याच बाजूला राहते. दुपारी शटर खाली आल्यावर ते गप्प होते, पण हजेरीचे मशीन ठरावीक वेळाने मुख्य कार्यालयाकडे नोंदी पाठवतच असते आणि स्विचमधली नोंद त्याच्या पोर्टकडे सरकते. मग ताई पहिले बिल टाकतात तेव्हा त्यांची मागणी हजेरीच्या मशीनकडे जाते, आणि आयपी आपला नाही हे पाहून ते मशीन ती निमूटपणे टाकून देते. बिलांच्या मशीनने स्वतःहून काही पाठवले की वाट पूर्ववत होते, आणि तपासायला माणूस पोचेपर्यंत सगळे सुरळीत चाललेले असते.

अशा वेळी खोटे कोण ठरणार? ताईच.

त्यांनी बिलबुकाच्या मागच्या पानावर वेळा टिपून ठेवल्या होत्या. ते पान आजवर कोणी मागितलेच नव्हते. त्या वेळा स्विचच्या लॉगशी, म्हणजे त्याच्या नोंदवहीशी ताडून पाहिल्या, तर एकच मॅक पत्ता दोन पोर्टमध्ये हेलकावे खात असल्याच्या नोंदी तिथेच होत्या. कोणत्या आयपीचा मॅक पत्ता कोणता हे दाखवणाऱ्या लॅपटॉपवरच्या एआरपी तक्त्यातही दोन निरनिराळ्या आयपींसमोर तोच पत्ता दिसला. हजेरीचे मशीन बंद केले, फाइलमधली ती ओळ काढली, लिबव्हर्टने नवा पत्ता दिला. काम एवढेच.

शेट म्हणाले, “म्हणजे नवीन काही आणावे लागले नाही ना?” संगणक बदलणाऱ्याचे त्यांनी कौतुक केले होते, ते आठवून मला वाईट वाटले. जेवणाचा डबा न उघडताच परत निघालो. बसमध्ये बराच वेळ तेच डोक्यात होते. पुढे वाटले, शेटना बिले वेळेवर निघायला हवीत, मॅक पत्ता त्यांना कशाला कळायला हवा? माझे काम असेच आहे आणि मला ते आवडते.

पण ताईंचे तसे नाही. त्यांना मी सगळे समजावले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “हे शेटना सांगितलेत का?” सांगितले होते, पण ताईंची टिपणे होती म्हणून बिघाड सापडला, हे वाक्य त्यात नव्हते. ते अहवालात पहिल्या ओळीत लिहिले आहे.

नक्कल केलेल्या मशीनमध्ये मशीन-आयडी (मशीनची अंतर्गत ओळख) आणि एसएसएचच्या, म्हणजे दुरून सुरक्षित जोडणीच्या किल्ल्याही सारख्याच निघाल्या, त्या नव्याने तयार करायच्या आहेत. म्हापशाच्या दुकानातही याच फाइलवरून काढलेले मशीन आहे. मॅक पत्ता राउटरपलीकडे जात नाही, त्यामुळे फोंड्याशी त्याची गाठ पडणार नाही. पण तिथेही हजेरीचे मशीन नुकतेच बसवले आहे. उद्या तिथे गेल्यावर होस्टला हात लावण्याआधी काउंटरवर बसणाऱ्यांना विचारणार आहे, की बिल कधी अडकते.